तोटीचा मान

"पण बाबा, सरदाराच्या मौजेच्या बागेत आपलं काय काम?"

मार्तंडाने हा प्रश्न मठाच्या दारात विचारला होता. ओढा ओलांडताना पुन्हा विचारला होता. आता रंगबागेची कमान समोर दिसायला लागली, तेव्हा त्याने तो आणखी एकदा विचारला.

दयाळगीरबाबा पुढे चालत होते. म्हातारपणाने गुडघे कुरकुरत होते, तरी आज त्यांची चाल जत्रेला निघालेल्या माणसाची होती.

"काम?" बाबा म्हणाले. "काम काहीच नाही. म्हणून तर चाललोय."

एरवी मार्तंडाने वाद घातला असता, त्याच्याकडे उत्तरं तयार असत. पण आजचा दिवस वेगळा होता.

पहाटे अंघोळीला जाताना बाबा सहज बोलावं तसं बोलून गेले होते. "माझ्याच्याने आता होत नाही रे. मठ कुणाच्या तरी हाती सोपवायला हवा. आज संध्याकाळपर्यंत सांगतो." आणि अंगावर पहिला तांब्या ओतता ओतताच पुढे म्हणाले होते, "चल, रंगबाग बघून येऊ. आज पाणी सोडतात."

मार्तंडाने दोन्ही वाक्यं जोडली आणि त्याचा चेहरा गंभीर झाला. ही परीक्षा होती. शिष्याला विलासाच्या जागी न्यायचं आणि त्याचं मन ढळतं का ते बघायचं, ही पोथ्यांमधली जुनी रीत. मार्तंडाने पोथ्या भरपूर वाचल्या होत्या. तीच त्याची अडचण होती, पण हे त्याला सांगणार कोण?

मठ आपल्याला मिळावा असं त्याला मनापासून वाटत होतं. अगदी रात्री झोप लागू नये इतकं. थोरल्या मठातून कुणी परका गोसावी आणून बसवला तर आपल्या एवढ्या तपाचं काय, या विचाराने तो अंथरुणात उठून बसायचा.

आणि तप त्याने खरंच केलं होतं. आधी मीठ सोडलं. मग गूळ सोडला. मग उशी. स्वतःचं सोडून झाल्यावर त्याने मठाकडे मोर्चा वळवला. स्वयंपाकघरात बोलणं बंद. ओट्यावर बसणं बंद. पोरांनी चिंचेवर चढणं बंद. मठ लख्ख झाला. जमीन अशी सारवलेली असायची की पाऊल टाकायला माणूस बिचकावा. मग हळूहळू कुणी पाऊल टाकेनासंच झालं.

गोदूआत्या म्हणून एक म्हातारी दर गुरुवारी मठात भाकऱ्या थापायला यायची. थापता थापता गाणी म्हणायची आणि मधेच आपल्याच बोलण्यावर खदखदून हसायची. एक दिवस मार्तंडाने तिला ऐकवलं, "आत्या, हा मठ आहे, चावडी नाही. हसायचं असेल तर बाहेर जायचं."

आत्याने हात धुतले आणि ती बाहेर गेली. पुन्हा काही आत आली नाही. तिच्यामागे तिच्या आळीतल्या बायका गेल्या, बायकांमागे पोरं गेली, आणि पोरंच नाहीत म्हटल्यावर पुरुषांनाही यायला निमित्त उरलं नाही.

बाबा यावर कधी एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त गुरुवारी मार्तंडाने थापलेली भाकरी मोडताना म्हणायचे, "हं... भाकरी गप्प झाली."

मार्तंडाला ती शाबासकी वाटायची.

तर असे हे दोघे रंगबागेच्या कमानीखालून आत शिरले. शिरताक्षणी मार्तंडाने नजर पायाच्या अंगठ्यावर आणली आणि तिथेच बांधून टाकली. आता समोर इंद्राची सभा उतरली तरी डोळा वर करायचा नाही, असं त्याने ठरवलं.

"अरे, बघ बघ! बारादरी!" बाबा ओरडले. "चहूबाजूंनी पाणी आणि मधे मंडप. कमानी बघ कशा नाजूक!"

"हं," मार्तंड अंगठ्याकडे बघत म्हणाला.

"आणि हा पाट बघ. तळाला दगडात मासे कोरलेत. पाणी आलं की पोहतात."

"हं."

"तू काय बघतोयस?"

"काही नाही, बाबा."

"अरेरे," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरची हळहळ होती.

ही बाग कुण्या एका सरदाराने उन्हाळ्याचे दिवस गारव्यात काढावेत म्हणून बांधली होती. वर टेकडीच्या पोटात एक मोठा हौद, तिथून जमिनीखालून आलेले खापरी नळ, आणि खाली बागभर दगडी कमळांतून उडणारी कारंजी. सरदाराचा वंश संपला, हत्ती गेले, मशालजी गेले. बाग राहिली आणि ती गावाची झाली. वर्षभर तिथे शेळ्या चरतात. पण चैत्रात एक दिवस गाव झाडून सगळं साफ करतं, हौदाच्या तोंडाचा दट्ट्या काढतं, आणि हौद रिता होईपर्यंत कारंजी उडतात. त्या दिवशी घरात कुणी थांबत नाही. बायका आंबेडाळ आणि पन्हं घेऊन येतात, म्हातारे चिलीम विसरून येतात, आणि ज्यांचं वर्षभर एकमेकांशी बोलणं नसतं ते एकाच सतरंजीवर कलिंगड खातात.

मार्तंडाला यातलं काय दिसलं? पायच पाय दिसले. जोडव्यांचे पाय, भेगाळलेले पाय, धुळीने माखलेले पोरांचे पाय. एवढे पाय मठात शेवटचे कधी दिसले होते, ते त्याला आठवेना. हा विचारही त्याने लगेच मोह म्हणून बाजूला सारला.

वरच्या बाजूने इमामचाचा धावत आला. हौदाची राखण पिढ्यानपिढ्या त्याच्या घराकडे होती.

"बाबा, घोटाळा झाला! हणमंता न्हाई आला!"

"आं? पैलवान नाही?"

"यंदा लगीन झालं न्हवं त्याचं. सासुरवाडीला गेलाय. आता तोटीवर बसंल कोन?"

हा तोटीचा मामला सांगायला हवा. बारादरीच्या पायथ्याशी जे सगळ्यांत मोठं कमळ आहे, त्याची तांब्याची तोटी फार पूर्वी कुणीतरी उपटून नेली. आता तिथे नुसतं मुठीएवढं भोक आहे. हौद सुटला की सगळं पाणी त्या भोकातून भदाभदा वाहून जातं आणि बाकीची कारंजी वीतभर उडून मान टाकतात. म्हणून दर वर्षी एकजण त्या कमळात बसून भोकावर तळवा दाबून धरतो. मग बाकीच्या कारंज्यांना जोर येतो. याला तोटीचा मान म्हणतात. मान आपला म्हणायलाच. मानकरी नखशिखांत भिजतो आणि गाव त्याला हसतं.

एका वर्षी शहाणपणा करून लाकडाची गुडदी ठोकली होती. तेव्हा खालचा नळच फुटला. किती दाबायचं आणि किती गळू द्यायचं हे हाताला कळतं, लाकडाला कळत नाही. नवी तोटी बसवायचं दर वर्षी ठरतं आणि दर वर्षी राहून जातं. खरं सांगायचं तर ती कुणालाच बसवायची नाही.

"त्यात काय?" बाबा म्हणाले. "आमचा मार्तंड बसेल."

मार्तंडाची नजर अंगठ्यावरून सुटली. "बाबा! मी?"

"का? दाबूनच तर धरायचंय. तुला येतं ते."

आजूबाजूला कुणीतरी फिसकन हसलं. मार्तंडाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण लगेच त्याच्या लक्षात आलं, की हीच ती परीक्षा. मान द्यायचा, अपमानही करायचा, आणि बघायचं शिष्य डगमगतो का. त्याने छाटी वर खोचली, कोरड्या कमळात उतरला, मांडी ठोकली, डोळे मिटले आणि उजवा तळवा भोकावर ठेवला.

"म्हाराज," इमामचाचा काळजीने म्हणाला, "आधी वारा येतो, मग गढूळ, मग खरं पाणी. घाबरायचं न्हाई."

"मी घाबरत नसतो," मार्तंड म्हणाला.

वर टेकडीवर दट्ट्या निघाला.

आधी वारा आला. भोकातून एक गार, ओलसर फुंकर तळव्याला लागली. मग खालून गुडगुड झाली. मग तांबडं गढूळ पाणी बोटांच्या फटींतून पिचकारीसारखं सुटलं आणि थेट मार्तंडाच्या नाकात गेलं.

तो घाबरला. ओरडलाही. पोरं टाळ्या पिटायला लागली.

मग खरं पाणी आलं. तळव्याला अशी धडक बसली की त्याचा खांदा हलला. त्याने डावा हात उजव्यावर ठेवला, अंगाचा सगळा भार टाकला, दात आवळले... आणि हळूहळू पाण्याचा आणि हाताचा समझोता झाला. थोडं गळत राहिलं, बाकीचं थांबलं.

बागभर आरोळी उठली. "आलं! आलं!"

मार्तंडाचे डोळे मिटलेलेच होते.

"बघितलंस का रे?" बाबांचा आवाज जवळून आला.

"नाही, बाबा."

"का?"

"मोह होईल."

"कुणाला? पाण्याला?"

मार्तंडाने पापण्या आणखी घट्ट आवळल्या.

"बघ रे," बाबा हळू आवाजात म्हणाले. "तुझ्याच हाताने उडतंय ते."

मार्तंडाने डोळे उघडले.

बारादरीच्या चारी बाजूंनी पाणी माणसाहून उंच चढलं होतं आणि वर जाऊन फुटत होतं. टेकडीकडच्या वरच्या मंडपाजवळचं कारंजं, जे म्हणे बरीच वर्षं उडलंच नव्हतं, तेही उठलं होतं. तिरप्या नक्षीदार शिळेवरून पाण्याची चादर घसरत खाली येत होती. पाटाच्या तळाचे दगडी मासे पोहत होते. एक आजोबा फेटा काढून, टक्कल तुषारांखाली धरून डोळे मिटून उभे होते. बायकांनी पदर खोचले होते. कुणी कुणाला ढकलत होतं, कुणी उगाचच धावत होतं.

मार्तंडाला आनंद झाला. खरा आनंद, छातीत मावू नये असा. तो जेमतेम दोन श्वास टिकला, कारण लगेच त्याच्या डोक्यात पोथी उघडली.

"बाबा, मला कळलं!"

"काय रे?"

"मी इथे दाबून धरलं म्हणून सगळीकडे उंच उडालं. एकाने संयम केला की जगाचं कल्याण होतं. हाच तो बोध ना?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं.

"वा," ते म्हणाले. "मग धर."

आणि ते आंबेडाळ खायला निघून गेले.

मार्तंड धरून बसला. चेहऱ्यावर समाधान होतं. परीक्षेत आपण उत्तीर्ण झालो याबद्दल त्याला शंका उरली नव्हती. मठात पुढे काय काय सुधारणा करायच्या, हेही त्याने मनातल्या मनात मांडायला घेतलं.

थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं, की आपल्याकडे कुणीच बघत नाही.

सगळे कारंज्यांकडे बघत होते. बारादरीत बाबा मांडी घालून बसले होते. त्यांच्या पानावर आंबेडाळ वाढणारी म्हातारी गोदूआत्या होती. ती काहीतरी बोलली आणि बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मठात बाबा असे शेवटचे कधी हसले होते?

ऊन चढलं. तळवा बधिर झाला, मग खांदा दुखायला लागला. पाठीवरची छाटी वाळत होती आणि पुन्हा भिजत होती. आपण इथे सगळ्यांसाठी झिजतोय आणि कुणी घोटभर पाणीही विचारत नाही, असं त्याला वाटलं. पाण्यातच बसलेल्याला पाणी कुणी विचारावं, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

तेवढ्यात तीन-चार पोरं त्याच्या कमळाभोवती आली आणि त्याच्या बोटांतून गळणारं पाणी ओंजळीत धरून एकमेकांवर उडवायला लागली.

"चला! व्हा लांब!" मार्तंड गरजला. "शरम नाही वाटत? हे काय खेळायचं ठिकाण आहे?"

पोरं जागच्या जागी थिजली आणि मग मुकाट्याने दूर गेली. त्यातली एक छोटी मुलगी रडवेली झाली होती.

बाबा पन्ह्याचा पेला हातात घेऊन सावकाश पायऱ्या उतरले आणि कमळाच्या काठावर बसले.

"हात भरून आला का रे?"

"नाही," मार्तंड म्हणाला. मग म्हणाला, "हो."

"हं..."

बाबांनी एक घोट घेतला. कारंजी उडत होती.

"मार्तंडा, एक सांग. तू हे तोंड बंद केलंस. पाणी कमी झालं का?"

"नाही, बाबा."

"मग गेलं कुठे?"

"बाकीच्या तोंडांतून वर गेलं. जास्त जोराने."

"हं..." बाबांनी आणखी एक घोट घेतला. "आणि मघाशी पोरांवर ओरडलास, ते कुठून आलं?"

मार्तंडाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पोथ्यांची इतकी पानं डोक्यात होती, त्यातलं एकही फडफडलं नाही.

त्याने तळव्याकडे पाहिलं. खालून पाणी धडका देतच होतं. ते थकलं नव्हतं, रागावलं नव्हतं, कुठे गेलंही नव्हतं. मीठ सोडलं तेव्हा आपण दोन दिवस स्वयंपाकघरात भांडी आपटत होतो, ते त्याला आठवलं. गूळ सोडल्याचं आल्यागेल्याला किती वेळा सांगितलं, ते आठवलं. उशी सोडली त्याच आठवड्यात गोदूआत्याला बाहेर काढलं होतं. जे जे त्याने दाबलं होतं ते सगळं दुसऱ्या कुठल्यातरी तोंडाने उंच उडत होतं, आणि त्याखाली भिजत होती ती दुसरीच माणसं.

त्याला लाज वाटली. इतकी की कान, मान, सगळं जळायला लागलं.

"मग सोडून देऊ, बाबा?"

"सोड की."

"पण सोडलं तर सगळी कारंजी बसतील. लोकांचा विरस होईल."

"मग धर."

"धरलं तर मी पुन्हा..."

"तर सोड."

"बाबा, यातलं नेमकं काय करू?"

बाबा पन्हं पीत राहिले.

मार्तंडाने एकदा बागेकडे पाहिलं. एकदा त्या रडवेल्या मुलीकडे पाहिलं. ती झाडामागून त्याच्याकडेच बघत होती. आणि त्याने हात उचलला.

मुठीएवढ्या भोकातून पाण्याचा लोट उसळला तो सरळ त्याच्या हनुवटीवर. मार्तंड उताणा पडला. पाय वर, छाटी गळ्यात, आणि अंगावर धबधबा. बागेतली सगळी कारंजी एकदम वीतभर झाली. दगडी मासे थांबले.

"अरेरेरे!" गावाने एकाच आवाजात म्हटलं.

त्यापाठोपाठ बारादरीतून एक हसणं ऐकू आलं. खदखदून, दम लागेपर्यंत चाललेलं. ते कुणाचं होतं हे मार्तंडाला वर न बघता कळलं. त्याच हसण्याला त्याने दार दाखवलं होतं.

आणि मग त्याच्याही आतून काहीतरी आलं. आधी नाकातून पाणी आलं, मग उचकी आली, मग आवाज फुटला. मार्तंड हसत होता. उताणा पडल्या पडल्या हसत होता, थांबायचा प्रयत्न केला की आणखी जोरात हसत होता. झाडामागची मुलगी धावत आली आणि सरळ त्याच्या कमळात उडी मारून मोकळी झाली. तिच्यामागे बाकीची पोरं आली. ते बोजड, वाकडं कारंजं सगळ्यांना सारखंच झोडपत होतं.

गोदूआत्या पायऱ्या उतरून आली. कमरेवर हात ठेवून तिने मार्तंडाकडे नीट पाहिलं.

"म्हाराज, हसायचं असंल तर भाईर जावं लागतं म्हनं."

मार्तंड उठून बसला. केसांतून पाणी गळत होतं.

"आत्या," तो म्हणाला, "आपण बाहेरच आहोत."

आत्याला पुन्हा हसू आलं, पण मार्तंड आता हसत नव्हता. त्याने हात जोडले. "माझं चुकलं, आत्या. तुम्ही गेलात आणि मठ ओस पडला. मी नुसती जमीन सारवत बसलोय. परत या. गुरुवारी या, नाहीतर उद्याच या. गाणी म्हणा."

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कारंज्याचं होतं असं ती नंतर सगळ्यांना सांगत राहिली.

"ते बघू म्होरं," ती म्हणाली. "आता सरक तिकडं. मी धरते थोडा येळ. तू जा, बाग बघून ये. सकाळधरनं बघतेय मी, नुसता खाली मान घालून बसलायस."

"तुम्ही? तुम्हाला झेपेल का आत्या?"

"जन्मभर भाकऱ्या थापल्या न्हवं ह्या हातानं. सरक."

तिने पदर खोचला, पोरांना बाजूला केलं, कमळात फतकल मारली आणि तळवा दाबला. कारंजी पुन्हा उठली. गावाने पुन्हा आरोळी ठोकली.

थोड्या वेळाने शेजारची एक बाई म्हणाली, "आत्या, उठा, आता मी बसते." मग फेटा काढलेले आजोबा म्हणाले, माझा नंबर. मग पोरांना राहवेना. ती दोघं-तिघं मिळून हातावर हात ठेवून बसायला लागली. रांग लागली. एवढ्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं. मान एकाचा, भिजायचं एकाने, आणि बाकीच्यांनी बघायचं, असंच चालत आलेलं.

इमामचाचा डोकं खाजवत उभा होता. "मग इतकी वर्सं पैलवान कशाला लागत हुता?"

मार्तंड बाग बघत फिरला. सगळीकडे फिरला. बारादरीच्या कमानींवरची वेलबुट्टी त्याने बोटाने चाचपून पाहिली. वरच्या मंडपात गेला आणि तिथून खाली पसरलेली बाग बघून त्याने नकळत "अहाहा" म्हटलं. मग आपण असं म्हटलं याचंच त्याला हसू आलं. पाटाच्या काठी पालथा पडून त्याने पोहणारे मासे बघितले. कुणीतरी हातावर आंबेडाळ ठेवली. त्याने खाल्ली. मीठ इतकं चवदार असतं हे तो साफ विसरला होता. त्याने आणखी मागितली. परीक्षा चालू आहे की संपली, याचा विचार त्याच्या मनात आला नाही.

दुपारी त्याने पुन्हा एकदा नंबर लावला आणि त्या छोट्या मुलीचा हात आपल्या हाताखाली ठेवून दोघं मिळून बसले. "म्हाराज, गुदगुल्या होत्यात," ती म्हणाली. आणि खरंच होत होत्या.

ऊन उतरलं तसा हौद रिता होत आला. कारंजी हळूहळू खाली आली, खोकली, आणि एकेक करून थांबली. कुणाला वाईट वाटलं नाही, सगळे दमले होते. माणसं ओले कपडे पिळत, रिकामी भांडी वाजवत घराकडे निघाली. गोदूआत्या जाताना लांबून ओरडली, "गुरुवारी पीठ चाळून ठेवा!"

बारादरीच्या पायरीवर बाबा आणि मार्तंड दोघेच उरले. सूर्य मावळला होता.

मार्तंड छाटीचं टोक पिळत होता.

"तू सकाळपासून मठाचं काहीतरी विचारणार होतास," बाबा म्हणाले.

"नाही, बाबा." मार्तंड थांबला. "एक सांगायचं होतं. मठ माझ्या हाती देऊ नका."

"का रे?"

"सकाळपर्यंत मला तो हवा होता. फार हवा होता. पण मी माणसं घालवली, बाबा. बाकी मी काहीच केलं नाही. दुसऱ्या कुणाला तरी द्या. मी गुरुवारी आत्याला पीठ मळून देईन, तेवढं पुरे आहे."

हे बोलून त्याचा जीव हलका झाला होता.

बाबांनी त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. तळवा पाण्याने सुरकुतला होता, आणि त्यावर कमळाच्या भोकाचा लाल गोल वळ उठला होता. बाबांनी त्या वळावरून अंगठा फिरवला. एकदा... दोनदा... मग मार्तंडाची बोटं मिटवून त्यांनी ती मूठ त्याच्याच छातीवर ठेवली आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"मठ धर थोडा वेळ," बाबा म्हणाले. "हात भरून आला की हाक मार."